सही करायच्या आधी : जमीन संपादनावर वाचकांचे प्रश्न

मागे या सदरात सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून पत्रं आणि मेल थांबेनात, आणि निम्म्यांचा विषय एकच, सरकार आमची जमीन घेतंय, घेऊ शकतं का. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सहा घेतलीत. नावं-गावं मुद्दाम काढलीत, गावात एवढ्यातेवढ्यावरून भावकी पेटते.

प्रश्न : नमस्कार सर. आमची साडेसहा एकर बागायत आहे, विहीर, एक बोअर, मोसंबीची झाडं. मागच्या आठवड्यात ३२/२ ची नोटीस हातात दिली, एमआयडीसी येणार म्हणतात. गावात मीटिंग झाली त्यात सगळे म्हणाले घाबरू नका, ८० टक्के लोकांनी हो म्हटल्याशिवाय सरकारला जमीन घेताच येत नाही असा कायदा आहे, आपण पाव हिस्सा लोक घट्ट राहिलो की झालं. वडील चिडलेत, म्हणतात नोटीस घ्यायलाच नको होती, घेतली म्हणजे कबूल झालं. खरं काय? आणि पुढे हीच जमीन खाजगी कंपनीला देणार ना?

उत्तर : आधी वडिलांचा राग उतरवा. नोटीस घेणं म्हणजे कबुली नाही, ती मिळाली एवढंच त्यातून सिद्ध होतं. उलट न घेणारा माणूसच अडकतो, कारण 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती दारावर चिकटवतात, पंचनामा होतो, मुदतीचे दिवस सुरू होतात आणि तुम्हाला कागद वाचायलाही मिळालेला नसतो. घेतलीत ते उत्तम केलंत. वर तारीख घालून ठेवा, कोणत्या दिवशी मिळाली ती.

आता ८० टक्क्यांचं. ही गोष्ट खोटी नाही, पण ती तुमच्या नोटिशीला लागू नाही, आणि गावोगाव मी हाच घोटाळा बघतोय. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला जो भूसंपादन कायदा आहे, ज्याला आपण २०१३ चा कायदा म्हणतो, त्यात असं आहे की सरकार खाजगी कंपनीसाठी जमीन घेत असेल तर जमीन जाणाऱ्या कुटुंबांपैकी किमान ८० टक्के कुटुंबांची आधी संमती पाहिजे, सरकार आणि खाजगी भागीदारी असेल तर ७० टक्के, आणि सरकार स्वतःच्या वापरासाठी घेत असेल तर संमतीची अटच नाही. शिवाय प्रकल्पाचा गावावर काय परिणाम होणार याचा अभ्यास, त्यावर गावात जनसुनावणी, आणि दोन-तीन पिकं घेणारी ओलिताची जमीन अगदी शेवटचा उपाय म्हणूनच घ्यायची, अशा बऱ्याच चांगल्या गोष्टी त्यात आहेत. तुमच्या नोटिशीवर ३२/२ लिहिलंय म्हणजे ती त्या कायद्याची नाहीच, ती १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याची आहे. तिथं ८० टक्के वगैरे काही नाही. सरकार महामंडळासाठी जमीन घेतं, महामंडळ प्लॉट पाडतं आणि कंपन्यांना भाड्यानं देतं, कागदावर बघितलं तर खाजगी कंपनीसाठी संपादन झालंच नाही! पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप लावलं आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं, असं हे प्रकरण आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की सरकारच्या अधिकाराला आळा घालायचा असेल तर तो या मागच्या दाराला घालायला हवा. पण मत बाजूला, तुम्हाला आज काय करता येईल ते सांगतो.

३२/२ ही 'जमीन घेतली' अशी नोटीस नाही, 'का घेऊ नये ते सांगा' अशी नोटीस आहे. तुमचं म्हणणं ऐकून त्यावर सरकारने निर्णय घ्यायचा असतो आणि त्यानंतर ३२/१ ची अधिसूचना निघते. ती राजपत्रात आली की जमीन सरकारची झाली, मग ताबा सोडायला ३० दिवसांची नोटीस येते. म्हणजे तुमच्या हातात जो काय वेळ आहे तो ३२/२ आणि ३२/१ च्या मधला. गावातले लोक बहुतेक करून ३२/१ निघाल्यावर वकिलाकडे येतात.

एक सुनावणी डोळ्यांसमोरून जात नाही. प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात चाळीस-पंचेचाळीस लोक, सगळ्यांच्या हातात एकाच मजकुराची झेरॉक्स, फक्त नाव आणि गट नंबर पेनानं भरलेला, आणि मजकूर काय तर 'माझी हरकत आहे, मला जमीन द्यायची नाही.' साहेब एकेकाला विचारत होते, कारकून तेच वाक्य पुन्हा पुन्हा उतरवत होता, अर्ध्या तासात वीसेक हरकती निकाली. मग एक आजी आल्या, पिशवीतून त्यांनी मोटारीचं वीजबिल काढलं, तीन हंगामांच्या उसाच्या पावत्या काढल्या आणि एक वहीचा कागद, त्यावर नातवानं शेताचा नकाशा काढलेला, विहीर कुठं, पाइपलाइन कुठून कुठं जाते, आणि बांधापलीकडे सरकारी पडीक किती आहे. म्हणाल्या, मोजणीत माझी विहीर शेजारच्या गटात दाखवलीय आणि जमीन जिरायत लावलीय, आणि पलीकडे कुसळं उगवतात ती जमीन सोडून माझीच का घेता ते लिहून द्या. पहिल्यांदाच साहेबांनी चष्मा काढला आणि कारकुनाला म्हणाले, थांब, हे नीट लिही. आजींची जमीन वाचली का, नाही, सगळी नाही वाचली. पण विहिरीसकट जवळपास दीड एकर वगळली गेली आणि उरलेली बागायत धरली.

तेव्हा हरकत अशी लिहा. जमीन देणार नाही हे लिहाच पण तिथं थांबू नका. किती पिकं घेता, पाण्याचा स्रोत कोणता, घरातली किती माणसं त्यावर जगतात, जवळपास पडीक किंवा सरकारी जमीन कोणते गट आहेत, आधीच्या औद्योगिक क्षेत्रात किती प्लॉट रिकामे पडलेत (माहिती अधिकारात आजच विचारा, उत्तर सुनावणीपर्यंत आलं नाही तरी अर्जाची प्रत जोडा). संयुक्त मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा, झाडं मोजून घ्या, वयासकट. मोबदला ठरवताना २०१३ च्या कायद्याचे निकष लावा अशी मागणी त्यातच लेखी टाका. कचेरीत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, तोंडी 'साहेबांना सांगितलंय' याला काडीची किंमत नाही.

प्रश्न : सरकारने धरणासाठी, रस्त्यासाठी जमीन घेतली तर समजू शकतो. पण कारखान्याचा मालक नफा कमावणार, मग त्याच्यासाठी सरकार माझी जमीन जबरदस्तीनं घेतं याला सार्वजनिक हेतू कसं म्हणायचं? कोर्ट यात काहीच बोलत नाही का?

उत्तर : हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या मावळ्यांनीही विचारला होता. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी जो सत्याग्रह केला तो कशाविरुद्ध, तर टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन दिल्या त्याविरुद्ध. कायदा १८९४ चा. त्यात 'कंपन्यांसाठी संपादन' असं वेगळं प्रकरणच होतं, लपवाछपवी नाही. धरण झालंच, बापट तुरुंगात गेले, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही आपण तब्बल सहासष्ट वर्षं वापरला.

कोर्ट बोललंय, बरंच बोललंय, पण त्याचा सूर नीट ऐकायला हवा. १९६१ च्या डिसेंबरमध्ये कानपूरच्या एका कारखान्यासाठी घेतलेल्या जमिनीवरून सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कंपनी जे बनवते त्याचा लोकांना उपयोग होतो एवढं कारण पुरत नाही. झालं काय, १९६२ मध्ये सरकारने कायदाच बदलला. मग १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला आणि कलम ३०० अ आलं, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, एका वाक्याचं कलम. खूप लोकांना वाटतं हक्क संपला. नाही संपला. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्या एका वाक्यातून सात गोष्टी उलगडून दाखवल्या, की आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका, कारणं देऊन निर्णय करा, हेतू सार्वजनिकच हवा, मोबदला न्याय्य हवा, काम रेंगाळत ठेवू नका आणि सुरू केलेलं संपादन शेवटाला न्या. यातली एकही पायरी गाळली तर तो कायद्याचा आधार होत नाही.

पण 'सार्वजनिक हेतू' म्हणजे नेमकं काय यावर कोर्ट सरकारच्या पाटावर सहसा बसत नाही. सिंगूरचं उदाहरण घ्या. २००६ साली पश्चिम बंगाल सरकारने नॅनो गाडीच्या कारखान्यासाठी ९९७ एकर घेतली, आंदोलन पेटलं, २००८ मध्ये कंपनी निघून गेली, आणि ३१ ऑगस्ट २०१६ ला सुप्रीम कोर्टाने संपादन रद्द करून जमीन शेतकऱ्यांना परत द्यायला सांगितली, मिळालेला मोबदलाही परत मागू नका म्हटलं. आता गंमत बघा. दोन न्यायमूर्ती होते, एक म्हणाले हे कंपनीसाठीचं संपादन आहे, सार्वजनिक हेतू नाहीच, दुसरे म्हणाले कारखाना आला, रोजगार आला, हा सार्वजनिक हेतूच आहे. एकमत कशावर झालं, तर शेतकऱ्यांच्या हरकती अधिकाऱ्याने नीट ऐकल्या नाहीत, ठोकळेबाज उत्तर देऊन निकालात काढल्या यावर. म्हणजे दहा वर्षांनी जमीन परत मिळाली ती हरकतीच्या कागदानं, भाषणानं नाही. वरच्या उत्तरात मी हरकतीवर एवढं पाल्हाळ लावलं ते उगीच नाही.

दुसरं ग्रेटर नोएडाचं. 'नियोजित औद्योगिक विकास' म्हणून शाहबेरी गावाची सुमारे १५६ हेक्टर जमीन तातडीचं कलम लावून घेतली, म्हणजे हरकतीची सुनावणीच नाही, आणि नंतर ती गेली बिल्डरांना, फ्लॅट बांधायला. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते संपादन रद्द केलं. त्या तातडीच्या कलमाचा एवढा गैरवापर झाला होता की २०१३ च्या कायद्यात ते संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती आणि संसदेनं मान्य केलेली आणीबाणी एवढ्यापुरतंच ठेवलंय. खाजगी दवाखाने, खाजगी शाळा-कॉलेजं आणि खाजगी हॉटेलं यांनाही पायाभूत सुविधांच्या व्याख्येतून बाहेर काढलंय. आणि एकदा घेतलेल्या जमिनीचा हेतू बदलायचा नाही असंही त्यात सरळ लिहिलंय.

मग भोकं कुठं आहेत, तर तेरा केंद्रीय कायदे त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात बाजूला ठेवलेत, राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, कोळसा वगैरे, त्यांना मोबदल्याची सूत्रं लागू केली पण संमती आणि परिणाम अभ्यास नाही. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून औद्योगिक पट्टे वगैरे पाच प्रकारांना त्या दोन्हींतून सूट दिली होती, शेतकऱ्यांनी देशभर गोंधळ घातला, ऑगस्ट २०१५ मध्ये तो सोडून द्यावा लागला, आणि मग तेच काम एकेका राज्यानं आपापल्या दुरुस्तीनं केलं, महाराष्ट्रानं २०१८ मध्ये. दिल्लीत जे जमलं नाही ते मुंबईत फारसा आवाज न होता झालं. आपल्याकडच्या किती जणांनी ती बातमी वाचली होती, मीही नंतरच वाचली हे कबूल करतो.

प्रश्न : मी कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत 'आर्थिक विकासासाठी खाजगी मालमत्ता घेण्याच्या सरकारच्या अधिकारावर मर्यादा हव्यात' याच्या विरुद्ध बोलणार आहे. माझा मुद्दा असा की एक-दोन माणसं अडून बसली तर हजारोंचा रोजगार अडतो. अमेरिकेसारख्या देशातही सरकार असं करतं म्हणे. मला मुद्दे द्याल का?

उत्तर : देतो, पण अर्धे तुमच्या विरुद्ध पडतील, चालेल ना.

अडून बसणाऱ्याचा मुद्दा खरा आहे. रस्ता, रेल्वे, कालवा यांची एक रेघ असते, शंभर किलोमीटरच्या रेघेत मधला एक गट सोडून रस्ता नेता येत नाही, तो मालक मग तोंडाला येईल तो भाव सांगणार. तिथं सक्तीचा अधिकार नसेल तर कामच होणार नाही हे मीही मानतो. हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा, तो आधी मांडा.

आता कारखाना घ्या. कारखान्याला रेघ नसते. सिंगूरचा नॅनो प्रकल्प याच जागेवर पाहिजे म्हणून सरकार हटून बसलं होतं, माणसं मेली, आणि शेवटी तोच कारखाना देशाच्या दुसऱ्या टोकाला गुजरातेत सानंदला उभा राहिला, सरकारकडे आधीच असलेल्या जमिनीवर. म्हणजे तीच जमीन पाहिजे हे खरं नव्हतं, तीच जमीन सोयीची होती. सोय आणि गरज यात जो फरक आहे त्यावर तुमचा सगळा वाद उभा आहे, परीक्षकांनी तिथं पकडलं तर काय बोलणार ते आधी ठरवून जा.

अमेरिकेचं उदाहरण देणार असाल तर पुरतं वाचून द्या, अर्धवट दिलंत तर समोरचा त्याच काठीनं मारेल. कनेक्टिकट राज्यात न्यू लंडन नावाचं छोटं शहर, मंदीत अडकलेलं. तिथं फायझर या औषध कंपनीचं संशोधन केंद्र येत होतं म्हणून शेजारची वस्ती घेऊन हॉटेल, ऑफिसं, घरं असा आराखडा शहरानं केला. सुझेट केलो नावाच्या नर्सबाईंचं तिथं नदीकाठी गुलाबी रंगाचं लहानसं घर होतं, त्या नाही म्हणाल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २३ जून २००५ ला ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निकाल लागला की शहराचा आर्थिक विकास हाही सार्वजनिक उपयोगच. इथपर्यंत तुमच्या बाजूचं. पुढचं असं की विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ओकॉनर यांनी विचारलं, उद्या कुठल्याही घरापेक्षा मॉल जास्त कर देईल, मग कोणाचं घर सुरक्षित? लोक इतके खवळले की चाळीसहून जास्त राज्यांनी आपापले कायदे बदलून असल्या संपादनावर कमी-जास्त बंधनं घातली. आणि ज्या कंपनीसाठी हा सगळा उपद्व्याप केला ती २००९ मध्ये तिथून जाते म्हणाली, आराखडा कागदावर राहिला, घरं पाडलेल्या जागेवर कित्येक वर्षं गवत आणि मांजरं. गुलाबी घर तेवढं उचलून दुसरीकडे नेऊन उभं केलं.

डेट्रॉइटचं तर अजून बोलकं आहे. १९८१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी पोलटाऊन ही आख्खी वस्ती उठवायला मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, रोजगार येणार म्हणून, आणि २००४ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की तो आमचा निकाल चुकला. वस्ती तेव्हा कुठे राहिली होती.

तुम्ही विरुद्ध बाजूनं बोला, हरकत नाही, पण 'थोड्यांनी त्याग करावा' हे वाक्य टाळा असं सांगेन. त्याग स्वतःहून करतात. दुसऱ्याकडून करवून घेतात त्याला मराठीत वेगळा शब्द आहे.

प्रश्न : आमच्या आजोबांची जमीन १९८८ मध्ये एका सरकारी प्रकल्पासाठी घेतली. आजही पडीक आहे, बाभळी माजल्यात. कोणी म्हणतं पाच वर्षं वापरली नाही तर परत मिळते. मिळेल का?

उत्तर : वाईट वाटतं पण बहुतेक नाही. पाच वर्षांचं कलम, १०१, हे २०१३ च्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीसाठी आहे, आणि तिथंसुद्धा 'मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन बँकेत' असं लिहिलंय, म्हणजे कोणाला द्यायची ते सरकार ठरवणार. या एका 'किंवा'नं कलमातली हवाच गेली.

जुन्या संपादनासाठी कलम २४ होतं, की निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा सरकारी आदेश, होऊन पाच वर्षं उलटली आणि ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल तर संपादन रद्द. त्यावर पुष्कळ लोकांना जमिनी परत मिळाल्याही. मग २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की तिथला 'किंवा' हा 'आणि' असा वाचायचा, म्हणजे ताबाही नाही आणि पैसेही नाहीत असं दोन्ही असेल तरच. एका अव्ययावर कितीतरी सातबारे फिरले बघा. आजोबांना पैसे मिळाले होते का आणि ताबा पावती आहे का हे आधी शोधा, जुनी फाईल रेकॉर्ड रूममधून नक्कल मागून काढा. दोन्हीही झालेलं नसेल तर वकील गाठा, एकही झालं असेल तर पैसे घालवू नका.

प्रश्न : शहरात आमच्या प्लॉटवर विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण आहे, बावीस वर्षं झाली. महापालिका घेतही नाही, सोडतही नाही, बांधकाम परवानगी देत नाही.

उत्तर : हे सोपं आहे, फक्त कोणी सांगत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याचं कलम १२७. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही तर मालकानं मालकीची कागदपत्रं जोडून खरेदी-नोटीस द्यायची, म्हणजे जमीन विकत घ्या नाहीतर सोडा अशी. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याच्या दिशेनं पाऊल उचललं नाही तर आरक्षण आपोआप उडतं. मुदत पूर्वी कमी होती, २०१५ मध्ये वाढवली. कागदपत्रं जोडायला विसरू नका, तेवढ्यावरून नोटीस बाद ठरवतात, आणि नुसता 'आरक्षण उठवावे ही विनंती' असा अर्ज करू नका, तो वर्षानुवर्षं टपालात फिरतो. कलमाचा आकडा लिहा.

प्रश्न : आमची जमीन रस्त्याला चाललीय, विरोध करून काही होणार नाही हे कळलंय. साहेब म्हणतात थेट खरेदीला सही करा, २५ टक्के जादा मिळतील आणि पैसे लगेच. भाऊ म्हणतो निवाडा होऊ दे, नंतर कोर्टातून वाढवून घेऊ. आईचा जीव टांगणीला लागलाय. काय करावं?

उत्तर : दोघंही आपापल्या परीनं बरोबर आहेत, हिशोब मांडून ठरवा. थेट खरेदी म्हणजे खरेदीखत, तुम्ही विकलं, त्यांनी घेतलं, नंतर कमी मिळाले म्हणून कोर्टात वाढीव मोबदला मागता येत नाही. ते २५ टक्के या शांततेचेच आहेत. निवाड्यात पैसे उशिरा, पण दाद मागायची वाट उघडी.

हिशोब असा. आधी बाजारभाव, म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेला) दर, किंवा जवळपासच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या किमतीची निम्मी खतं घेऊन त्यांची सरासरी, दोन्हीत जास्त असेल तो. समजा एकरी १० लाख निघाला. ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधला गुणांक, तो दोन धरला तर २० लाख. विहीर, झाडं, घर यांचे समजा ३ लाख, झाले २३. यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे ४६ लाख. वर बाजारभावावर निवाड्यापर्यंत वर्षाला १२ टक्के. गुणांक किती धरलाय ते पहिलं विचारा, एक की दोन, सगळा खेळ तिथं आहे, आणि सरासरी काढताना कोणती खतं धरली त्यांची यादी मागा. आपल्याकडे खरेदीखतात किंमत कमी दाखवायची जी खोड आहे ना, स्टॅम्प ड्यूटी वाचवायला, तिची वसुली अशी संपादनाच्या दिवशी होते. साहेबांचा आकडा या हिशोबाच्या २५ टक्के वर असेल आणि घरात पैशाची नड असेल तर सही करायला लाजायचं कारण नाही. कमी असेल तर भावाचं ऐका.

आणि भावाचं ऐकायचं ठरलं तर एक गोष्ट आईलाही सांगून ठेवा, कारण पैसे घ्यायला तिचीही सही लागेल. निवाड्याचे पैसे घेताना पावतीवर, व्हाउचरवर, जिथं जिथं सही कराल तिथं सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहायचं : 'हरकत राखून स्वीकारले.' हे न लिहिता पैसे घेतले तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. त्या अर्जालाही मुदत आहे, निवाडा होताना हजर असाल तर सहा आठवडे. पैसे घ्यायला जाताना स्वतःचं पेन घेऊन जा, टेबलापलीकडचा माणूस 'इथं काही लिहायचं नसतं' म्हणेल, म्हणू दे, लिहा आणि लगेच मोबाइलवर फोटो काढा.